आभार मानणार नाही

रविवारी सकाळी समोरच्या सभागृहातला माइक चालू झाला की आधी एक लांबट, कर्कश शिट्टी आमच्या डोंबिवलीतल्या कोपरच्या गल्लीवरून सरसरत जाते. कठड्यावरची कबुतरे फडफडून उडतात, खालच्या रिक्षावाल्यांचे बोलणे क्षणभर थांबते, आणि मग 'हॅलो, हॅलो, मागे आवाज येतोय का?' असा एक किंचित भ्यालेला प्रश्न हवेत उमटतो. पाठोपाठ सनईची ध्वनिमुद्रित मंगलता आणि मागच्या दाराने येणारा मसालेभाताचा दरवळ. कुणाची पंचाहत्तरी असते, कुणाची सेवानिवृत्ती, कुणाच्या सहजीवनाचा सुवर्णमहोत्सव. मी मेथीची जुडी घेऊन गॅलरीत बसते आणि न दिसणाऱ्या माणसांची भाषणे ऐकते. आयुष्यभर कल्याणच्या शाळेत मराठी शिकवले, वक्तृत्वस्पर्धेसाठी मुले तयार केली; त्यामुळे निमंत्रण नसले तरी परीक्षकाची खुर्ची मी आपली मांडून घेतलेली आहे.

चेहरा दिसत नसला की आवाज अधिक खरे बोलतो, हे तुम्हीही कधी अनुभवले असेल. खाकरून सुरुवात करणारा मनातून घाबरलेला असतो. 'मी काही वक्ता नाही' म्हणणारा हमखास लांबण लावतो. आणि 'दोनच शब्द बोलतो' असे ऐकू आले की मसालेभात निवणार, हे मी मेथी निवडता निवडता सांगू शकते. पण सगळ्या भाषणांच्या शेवटी, आभारप्रदर्शनाच्या ऐन भरात, एक वाक्य ठरल्यासारखे येते. 'मी त्यांचे आभार मानणार नाही; त्यांच्या ऋणात राहणेच मी पसंत करीन.' टाळ्या पडतात. किती डौलदार वाक्य आहे! आभार न मानताच आभाराहून मोठे काहीतरी दिल्याचा थाट त्यात आहे. ते कुणाला शिकवावे लागत नाही. आपल्याकडच्या सभागृहांच्या हवेतच ते असते. मला मात्र ते ऐकले की मेथीची काडी हातात तशीच राहते, आणि माझा भाऊ आठवतो.

विनायक माझ्याहून खूप लहान. वडील गेले तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि विनू प्राथमिक शाळेत होता. आई, मी आणि तो, कल्याणात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पोर हुशार, पण चारचौघांत तोंड उघडायचे म्हटले की त्याचा जीव जायचा. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याच्याकडे आभार मानायचे काम दिले गेले. 'आदरणीय व्यासपीठ' एवढे म्हणून तो जो थांबला, तो थांबलाच. पहिल्या रांगेतले पाहुणे आधी हसले, मग कौतुकाने पाहू लागले, मग घड्याळाकडे पाहू लागले. घरी आल्यावर तो दप्तरही न काढता भिंतीकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "ताई, मला परत उभं नको करू कुणासमोर." त्या दिवशी मला त्याची दया आली आणि रागही आला. ज्या पोराला पुढे वडिलांशिवाय जगायचे आहे, त्याला तोंड मिटून कसे चालेल?

मग मी त्याला शिकवायला घेतले. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे हे त्याचे पहिले श्रोते. या धोतरजोडीकडे पाहून बोल, आता त्या परकराकडे बघ, शेवटी कोपऱ्यातल्या पंच्यापर्यंत आवाज पोचव. शेजारच्या काकू हसून हसून बेजार व्हायच्या. कपड्यांची सवय झाल्यावर मी त्याला दुर्गाडी किल्ल्याच्या अंगाने खाडीकाठी नेऊ लागले. तिथे भरतीचा खारट वारा समोरून यायचा आणि शब्द तोंडातून निघण्याआधीच हिरावून न्यायचा. त्या वाऱ्याच्या वर आवाज काढायचा, हा अभ्यास. एकदा तो असाच जिवाच्या आकांताने स्वच्छतेचे महत्त्व सांगत होता, तेव्हा होडीपाशी जाळे सारखे करत बसलेली एक कोळीण म्हणाली, "अरं पोरा, कनाला वरडतंस? मासं पलतील ना." विनू ओशाळला. पण मग आपणहून म्हणाला, "मावशी, भाषण करतोय." तिने जाळे बाजूला सारले. "मंग बस की हितं. मला सांग." आणि तो खरोखरच तिच्यासमोर दगडावर बसला, आणि वारा तोच असताना, आवाज निम्म्यावर आणून, सगळे भाषण तिला नीट सांगून मोकळा झाला.

त्या संध्याकाळी मला जे उमगले ते पुढे मी शेकडो मुलांना सांगितले. सभा नावाचे काही नसतेच. असते ते समोरचे एक माणूस. हजारांशी बोलायला जाल तर पाय लटपटतील, एकाशी बोलाल तर जीभ आपली आपण वाट काढील. पहिले वाक्य पाठ असावे, म्हणजे पायाखाली जमीन सापडते. शेवटचे पाठ असावे, म्हणजे उतरायचे कुठे ते कळते. आणि मधले सगळे मनातले असावे. धीर हा काही जन्मजात दागिना नाही, रोज घासून लख्ख ठेवायचे ते घरातलेच तांब्याचे भांडे आहे. हे सगळे मी फार आत्मविश्वासाने सांगत असे.

विनू मोठा झाला, ठाण्यात नोकरीला लागला, आणि बघता बघता त्याच्या कचेरीत कुणाचाही निरोपसमारंभ विनायकरावांच्या भाषणाशिवाय पुरा होईनासा झाला. पुढे बारशी, मुंजी, साठीशांती, सोसायटीचा गणपती; जिथे म्हणून कुणाविषयी चार चांगले शब्द बोलायचे असत, तिथे माइक त्याच्या हाती जायचा. त्याची हातोटी वेगळीच होती. तो विशेषणे उधळत नसे. माणसाची एकच गोष्ट हेरायचा आणि तीच उजेडात धरायचा. एका महातापट हेडक्लार्कच्या निरोपाला सगळे 'शिस्तप्रिय, कर्तव्यकठोर' म्हणत शब्द शोधत होते, हा उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब ओरडले की आम्ही निर्धास्त असायचो. ज्या दिवशी ओरडले नाहीत, त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी फोन करून विचारलंय, तब्येत बरी आहे ना." सभागृह हसले, आणि तो तापट माणूस मान खाली घालून डोळे पुसू लागला. गौरव म्हणजे दुसरे काय असते? आपल्याला कुणीतरी नीट पाहिले होते, एवढी खात्री माणसाला जाता जाता मिळावी, बस.

तो असा इतरांविषयी बोलायचा आणि मी मागच्या रांगेत बसून ऐकायची. अभिमानाने ऊर भरून यायचा, हे खरेच. पण तुमच्यापासून काय लपवू? त्या अभिमानाच्या खाली एक हावरट वाट पाहणे होते. जगाला चांगले शब्द वाटतो आहेस, विनू. कधीतरी माझ्याविषयीही बोल. त्याच्या शिक्षणासाठी मी पुण्याचे एक चांगले स्थळ थांबवले होते. माणसे थांबतात, स्थळे थांबत नाहीत. पुढे लग्नाचा विषय घरात निघेनासा झाला, आणि आईही गेली. मी हे सारे आनंदाने केले. कुणी माझ्यावर लादले नव्हते. तरीही मला त्याच्या तोंडून एक साधे वाक्य ऐकायचे होते. 'ताई, तू माझ्यासाठी केलंस, मी तुझा आभारी आहे.' अलंकार नको, दृष्टान्त नको. एवढेच.

यावर तुम्ही हसाल, कारण आपल्या घरांतून असे कुणी म्हणत नाही. विनू लहान असताना शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या मुलांचे ऐकून एकदा मला 'थँक्यू' म्हणाला होता, तर आई त्याच्यावर केवढी उखडली होती! "घरच्यांना थँक्यू म्हणतात का रे? ती काय परकी आहे?" आमच्याकडे आभार दाराबाहेरच्यांचे मानायचे, उंबऱ्याच्या आतल्या माणसावर फक्त हक्क सांगायचा. प्रेम किती आहे ते कुरकुरीच्या प्रमाणात मोजायचे. मीही त्याचे आभार कधी मानलेले नाहीत. माझ्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याने रजा काढून माझ्या घरी मुक्काम केला, दर सणाला ठाण्याहून डबा आणला, कोपरचे हे घर त्यानेच हिंडून पाहून पसंत केले. आणि मी प्रत्येक वेळी काय म्हटले? "एवढं कशाला आणलंस?" या रीतीत ऊब आहे, हे मला मान्य आहे. पण ऊब आणि उजेड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अंधारातल्या उबेत आयुष्य काढलेल्या माणसाला एकदा तरी दिवा लावून आपले तोंड पाहावेसे वाटते, त्यात त्याचे काही चुकते का?

माझ्या पंचाहत्तरीचा समारंभ त्यानेच योजला. डोंबिवलीतलेच एक सभागृह, जुने विद्यार्थी, शाळेतले सहकारी, आईकडचे आणि वडिलांकडचे नातेवाईक. मला मोतिया रंगाची पैठणी नेसवून उंच पाठीच्या खुर्चीत बसवले होते, गळ्यातला हार मानेला टोचत होता, मांडीवर शाल आणि श्रीफळ. विनू बोलायला उभा राहिला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिले आणि मनात म्हणाले, आज.

काय बोलला तो! वाळत घातलेल्या कपड्यांची सभा त्याने अशी उभी केली की लोक पोट धरून हसले. खाडीवरचा वारा आणला, ती कोळीण आणली. आईचे आजारपण त्याने दोन वाक्यांत सांगितले. मग पुण्याच्या स्थळापाशी येऊन तो थांबला. ते त्याला ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्याने माइक सोडला आणि सरळ माझ्याकडे वळला. ओठ उघडले. त्या क्षणी मला समोर चौसष्टीचा देखणा वक्ता दिसेना. 'आदरणीय व्यासपीठ' म्हणून अडकलेला पोरगा दिसला. तीच भेदरलेली नजर. मी खुर्चीतून त्याला डोळ्यांनी सांगत होते, बोल विनू, एका माणसाशीच तर बोलायचे आहे.

तो पुन्हा माइककडे वळला आणि त्याच्या त्या भरदार आवाजात म्हणाला, "पण मी ताईचे आभार मानणार नाही. तिच्या ऋणात राहणेच मी पसंत करीन."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. माझ्या शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "भाग्यवान आहात हो." मी हसले, हात जोडले. मला कळत होते की तो खोटे बोलला नाही. जिना चढताना पाय घसरला की माणूस हाताशी येईल तो कठडा धरतो, तसे त्याने ते वाक्य धरले. तयार वाक्ये त्यासाठीच तर असतात. खरे वाक्य जिथे घशात अडकते, तिथे ती धावून येतात. हजार माणसांची भीती मी त्याच्यातून काढली होती. एका माणसाची भीती राहून गेली होती, आणि ते एक माणूस मी होते. मला फार वाईट वाटले. अजूनही वाटते.

जेवणे उरकून आम्ही गाडीने त्याच्या ठाण्याच्या घरी निघालो. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे अडकलो; पुढे टँकर, मागे कंटेनर, मध्ये आमची गाडी. भाचा निखिल, विनूचा मुलगा, गाडी चालवत होता. "बाबा, आज काय फुल फॉर्मात होता तुम्ही! आत्या, लोकं रडत होती गं मागे." विनूने मान न वळवता मला विचारले, "ताई, कसं झालं गं?" मी जन्मभराची मास्तरीण. म्हणाले, "छान झालं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला." तो मग माझ्याकडे वळला. "ताई, मला खरं म्हणजे…" म्हणाला आणि थांबला. मी "बोल ना" म्हणाले. तेवढ्यात पुढची रांग सुटली, मागून हॉर्नचा गदारोळ उठला, निखिलने गाडी काढली. "काही नाही गं. नंतर," विनू म्हणाला. मी आग्रह धरला नाही. घरच्या माणसाला घाई कसली, आज नाही तर उद्या बोलेल, असेच आपण धरून चालतो, नाही का?

त्यानंतर त्याचे विसरणे सुरू झाले. आधी एका साठीशांतीत त्याने तीच गोष्ट दोनदा सांगितली. लोकांनी दुसऱ्यांदाही हसून घेतले, लोक चांगले असतात. मग नावे गेली, मग रस्ते. भावजय आधीच देवाघरी गेलेली. सून मेधा त्याचे सगळे मायेने करते. डॉक्टर म्हणाले, हे असेच वाढत जाईल. पण एक नवल आहे. सगळे पुसट होत गेले तरी भाषणाची भाषा त्याच्यापाशी शाबूत राहिली. मुलाला ओळखत नाही, आणि दुधाची पिशवी द्यायला आलेल्याला 'आपली उपस्थिती आमच्यासाठी मोलाची आहे' म्हणतो. मेधा हसते, मग आत जाऊन डोळे पुसते.

मी आठवड्यातून एकदा ठाण्याला जाते. परवा गेले, तेव्हा तो खिडकीपाशी बसला होता. मी आल्याआल्या स्वयंपाकघरात गेले, चहा केला, आणि कप त्याच्या हातात दिला. तो उभा राहिला. सदऱ्याची कॉलर नीट केली, कप तिपाईवर ठेवला, दोन्ही हात जोडले, आणि थेट माझ्या डोळ्यांत पाहून, कसलीही भीती नसलेल्या स्वच्छ आवाजात म्हणाला, "आपण वेळात वेळ काढून आलात, माझ्यासाठी एवढे कष्ट घेतलेत. मी आपला मनापासून आभारी आहे."

एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य असे, आदरार्थी बहुवचनात, माझ्यासमोर उभे होते. मेधा दारातून म्हणाली, "बाबा, अहो आत्या आहेत त्या. तुमची ताई." त्याने अदबीने मान डोलावली, समारंभात नव्या पाहुण्याची ओळख करून दिल्यावर डोलावतात तशी. मीही हात जोडले. दुसरे काय करणार? आईचे म्हणणे खरे होते; परक्याचेच आभार मानायचे असतात, आणि तो रीत चुकला नव्हता.

सांगायचे राहिले. माझ्या हातच्या चहाला विनूने जन्मात कधी चांगले म्हटलेले नाही. नोकरीला लागल्यापासून प्रत्येक कपाला त्याची तक्रार ठरलेली, "ताई, साखर कमी आहे गं." परवाच्या चहात मी साखर मुद्दामच घातली नव्हती, एक कणही नाही, आणि तो पहिला घोट घेईपर्यंत समोर उभी राहिले.

त्याने कप पूर्ण रिकामा केला, आणि पुन्हा एकदा माझे आभार मानले.